साहेबांना गाडीला जुंपताना

मोटार चालवण्याच्या परीक्षेत मी नापास झालो, याचं मला एवढं काही वाटत नाही. माणसं नापास होतात, पुन्हा बसतात, पुन्हा नापास होतात. माझंही तसं रीतसर चाललं होतं. पण "तुम्हाला एकट्याला अवघडल्यासारखं होईल, मीही येते सोबतीला" असं म्हणून शिकवणीला आलेली माझी बायको पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर माझ्यादेखत तिला म्हणाले, "बाई, यांना गाडीत बसवायला हरकत नाही. पण शक्यतो मागे बसवा."

तेव्हापासून आमच्या घरात मोटार आहे आणि मी तिच्यातलं सामान आहे. मी बायकोची पर्स मांडीवर धरतो. "मागून कोणी येतंय का बघा हो," असं ती म्हणाली की मी मान वळवून नीट बघतो, "कोणी नाही" म्हणतो, आणि नेमका त्याच क्षणी मागून एखाद्या ट्रकचा हॉर्न वाजतो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर उभा असलेला माणूस कोण हे त्यांना ओळखू यायचं नाही. पण मी मोटारीत कुठल्या दारानं शिरतो हे मात्र लख्ख दिसायचं. "जावईबापू, तुम्ही इकडून का?" असं त्या दर वेळी विचारायच्या.

नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. माझं टेबल तक्रारींचं. दिवसभर लोक येऊन पाणी आलं नाही असं मला सांगतात आणि मी ते ऐकून घेतो. पाणी सोडणं माझ्या अखत्यारीत नाही. थोडक्यात, माझ्या हाताच्या इशाऱ्यानं चालेल, वळेल किंवा थांबेल अशी एकही गोष्ट माझ्या आयुष्यात नव्हती. हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून लोक म्हणतात, "पण तुम्हाला घोडा घ्यायची दुर्बुद्धी सुचली तरी कशी?"

आमच्या रोखपालांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची लहान मुलांसाठी बाग होती. त्यात झोपाळे, घसरगुंडी, आणि मधल्या कारंज्याभोवती बुटक्या घोड्यांच्या गाडीतून फेरी. ती बाग बंद झाली. झोपाळे गेले, बाकीची जनावरं गेली, शेवटी एक घोडा आणि त्याची गाडी उरली. मी सहज बघायला म्हणून गेलो. माणूस सहज बघायला जातो तिथूनच त्याची अधोगती सुरू होते.

घोडा माझ्या कमरेइतका उंच होता. म्हणजे माझी कंबर पूर्वी जिथे होती तितका. रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पोट गोल, आणि आयाळीची झुलपं अशी डोळ्यांवर आलेली की तो आपल्याकडे बघतोय की झोपलाय हे कळू नये. गाडी दोन चाकांची, दोघांपुरती, लाल रंगाची. मालकांनी मला तीत बसवलं, लगाम हातात दिला. मी "चल" म्हटलं. आणि तो चालला! कारंज्याभोवती एक गोल फेरी, जराही चूक नाही. मी लगाम ओढला. तो थांबला.

"मोठ्या घोड्यासारखीच सगळी अक्कल आहे याला," मालक म्हणाले. "आणि साहेब, एक सांगू? चालवायला परवाना लागत नाही."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते घरी पोचेपर्यंत ऐकू येत होतं.

टेम्पोतून घोडा इमारतीखाली उतरला तेव्हा बायको गॅलरीत होती. ती खाली आली, घोड्याभोवती एक चक्कर मारली आणि बराच वेळ काही बोलली नाही. घोडाही काही बोलला नाही. खालचा ओठ लोंबता, नजर समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की प्रकरण विचाराधीन आहे, उद्या या.

"अहो," बायको शेवटी म्हणाली, "हा अगदी तुमच्या साहेबांसारखा दिसतो."

झालं. त्याचं नाव साहेब पडलं. मी 'वादळ' हे नाव योजून ठेवलं होतं, पण ते एकदाही कोणाच्या तोंडी आलं नाही.

या नावानं माझं कचेरीतलं जे नुकसान झालं ते भरून निघणारं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला फोनवर ऐकलेलं वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणायची सवय आहे. त्याच आठवड्यात बायकोचा फोन आला, तो त्यानं घेतला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय? साहेब जिन्यात अडकलेत? पुढेही सरकत नाहीत, मागेही येत नाहीत? यांनीच येऊन मागून ढकलायला पाहिजे?" मी मान वर केली तेव्हा केबिनच्या दारात आमचे साहेब उभे होते. खालचा ओठ लोंबता. नजर माझ्यावर. मला त्या क्षणी बायकोच्या निरीक्षणशक्तीचं कौतुक वाटलं, आणि बढतीची आशा मी तिथल्या तिथे सोडली.

घोड्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न मी फार मोठा धरला नव्हता. पार्किंगमध्ये आमची एक जागा होती. तिथे साहेब राहिले आणि मोटार रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी नियमावली घेऊन हजर.

"पाळीव प्राण्याला परवानगी आहे," ते म्हणाले. "पण तो कडेवर उचलून लिफ्टमधून नेता आला पाहिजे."

"मग पार्किंगमध्ये वाहन म्हणून राहू द्या."

"वाहनाला नंबर पाहिजे. नंबर आणा, माझी काही हरकत नाही."

नंबर आणायला मी पालिकेत गेलो. कचेरीतला माणूस असल्यामुळे मला खिडकीच्या आतल्या बाजूचं दुःख समजतं. बाहेरच्या बाजूचं त्या दिवशी समजलं. जनावरांच्या खिडकीवर विचारलं, "याला गाडी जोडता का? मग वाहन विभाग." वाहन विभागातल्या माणसानं चष्मा पुसला आणि विचारलं, "इंजिन कुठे आहे?"

"पुढे."

"इंजिन नंबर?"

"त्याला नंबर नाही. नाव आहे."

"सांगा."

"साहेब."

"हां, बोला, ऐकतोय. नाव सांगा."

"साहेब."

"अहो, मी साहेबच आहे! तुम्ही नाव सांगा!"

असं बरंच चाललं. शेवटी त्यांनी मला पुन्हा जनावरांच्या खिडकीवर पाठवलं, आणि तिथला माणूस जेवायला गेला होता. मी परत येऊन सेक्रेटरींना सांगितलं की पालिकेत प्रकरण विचाराधीन आहे. त्यांना हे उत्तर फार आवडलं. निर्णय येईपर्यंत घोडा राहू द्यायला ते तयार झाले. मी तक्रारींच्या टेबलावर इतकी वर्षं बसलोय. निर्णय येत नाही हे मला माहीत होतं.

आता गाडी जुंपायची. बागेच्या मालकांनी साज एका पोत्यात भरून दिला होता. पोतं उलटं केलं तर खाली पट्ट्यांचा ढीग पडला. सगळे पट्टे एकसारखे, सगळ्यांना बकलं, आणि कुठला पट्टा कुठल्या अवयवाचा हे सांगणारं काही नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसले.

"घाबरायचं नाही!" ते वरून ओरडले. "जनावर आणि सातवीचा वर्ग, दोघांनाही पाठ दाखवायची नाही!"

मी पाठ न दाखवता जुंपायचा प्रयत्न केला. त्यामुळे पहिल्या खेपेला गाडी घोड्याच्या तोंडाकडे आली. तळमजल्यावरच्या काकू पिशवीतून गाजरं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्याला आधी विश्वासात घ्या हो. आमच्या ह्यांना टाय बांधायचा असला की मी आधी गोड बोलते." त्यांनी साहेबांना गाजर दिलं. साहेबांनी गाजर खाल्लं, मग पिशवी खाल्ली, मग दोरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या टॉवेलचा कोपरा चघळायला घेतला. काकूंचं गोड बोलणं तिथे संपलं.

दुपारपर्यंत गाडी जुंपली गेली. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं, तर एक पट्टा उरला होता. चांगला रुंद, जाड पट्टा. तो माझ्या हातात होता आणि घोड्यावर कुठेही जागा रिकामी दिसत नव्हती. मी बागेच्या मालकांना फोन केला.

"रुंद पट्टा ना? तो ढुंगणामागून जातो," ते म्हणाले. "उतारावर गाडी मागून येऊन घोड्याला धडकू नये म्हणून असतो."

"तो आता घालायचा तर सगळं पुन्हा सोडावं लागेल."

"मग राहू द्या. उतारावरून नेऊ नका म्हणजे झालं."

मी नेणार नव्हतो. आमची गल्ली सपाट होती. संध्याकाळी मी गाडीत बसलो, लगाम धरला, "चल" म्हटलं. साहेबांनी आधी जागच्या जागी गोल फिरायचा प्रयत्न केला. मी लगाम सरळ धरला. तो थांबला, विचार केला, आणि मग गल्लीतून चालू लागला. टापांचा टपटप आवाज, चाकांची बारीक कुरकुर. दुकानदार बाहेर आले. एका बाईंनी मुलाला कडेवर उचलून दाखवलं. बायको गॅलरीत उभी होती, आणि ती हसत नव्हती, बघत होती. गल्लीच्या टोकापर्यंत मी चालवत गेलो. मी! त्या गल्लीएवढं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि नंतरही मिळालेलं नाही. गल्लीच्या टोकाला त्याला वळवता येईना म्हणून मी खाली उतरून गाडी उचलून फिरवली, पण ते कोणाला दिसलं नसावं.

सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यानंतरच्या सोमवारची होती. ही तारीख मिळवायला बायकोनं त्या दवाखान्यात किती खेटे घातले होते ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक खेपेला पर्स मी धरली होती. पण सोमवारीच तिच्या बँकेत तपासणी आली. "तुम्ही रजा घ्या आणि आईला टॅक्सीनं घेऊन जा," ती म्हणाली. "टॅक्सीनं. कळलं ना?"

"कळलं."

सोमवारी टॅक्सी बोलवायला म्हणून मी फोन उचललाही होता. पण खिडकीतून खाली बघितलं तर साहेब उन्हात उभे होते, आदल्या दिवशी हौसेनं घासून काढलेले, आणि शेजारी लाल गाडी. दवाखाना काही लांब नव्हता. मी फोन खाली ठेवला. या एका हालचालीबद्दल मला पुढे जे ऐकावं लागलं त्यात अन्याय काही नव्हता.

"आई, आज आपल्या गाडीनं जाऊ," मी म्हणालो.

"कोण चालवणार?"

"मी."

सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही हे एका अर्थी बरंच आहे." आणि माझा हात धरून खाली आल्या.

त्या गाडीत मागे टेकून बसल्या, तशी गाडी मागे कलली, पुढच्या दांड्या वर उचलल्या गेल्या आणि दांड्यांबरोबर साहेबही थोडे वर गेले. मी घाईघाईनं पुढच्या बाजूला बसलो तेव्हा ते पुन्हा जमिनीवर आले. यानंतर तरी थांबायला हवं होतं. पण हेडमास्तर वरून "शाबास!" म्हणाले, आणि शाबास हा शब्द मी शाळा सोडल्यापासून ऐकला नव्हता.

दवाखान्याला दोन रस्ते. एक जवळचा, पण त्यावर उतार. रुंद पट्टा अजून पोत्यातच होता, म्हणून मी लांबचा, सपाट रस्ता धरला. त्या रस्त्यावर मोठा चौक आहे, आणि चौकाच्या मधोमध एक गोल बाग. बागेत कारंजं.

कारंजं दिसताच साहेबांचे कान उभे राहिले. तोवर पाय ओढत चाललेला तो प्राणी एकदम ताठ झाला. इतके दिवस परक्या गावात भटकल्यावर माणसाला आपल्या घराचा दरवाजा दिसावा तसं काहीतरी त्याला झालं असणार. तो दुडक्या चालीनं चौकात शिरला आणि कारंज्याभोवती फिरू लागला.

दवाखान्याचा रस्ता आला. मी लगाम ओढला. रस्ता गेला. पुन्हा आला. मी दोन्ही हातांनी ओढला. पुन्हा गेला.

"चांगला चालतोय हो," सासूबाई म्हणाल्या. "मला उगाच भीती वाटत होती."

"हो ना, आई."

आम्ही फिरत राहिलो. मोटारी थांबून हॉर्न वाजवत होत्या, बसमधून लोक वाकून बघत होते. चेहऱ्यावर कुठेतरी निघालेल्या माणसाचा भाव आणायचा मी प्रयत्न करत होतो, पण तो भाव प्रत्येक फेरीला त्याच लोकांना दाखवावा लागत होता.

"जावईबापू," काही वेळानं सासूबाई म्हणाल्या, "या भागात औषधांची दुकानं फार झालीत, नाही? मघापासून पुन्हा पुन्हा हिरव्या क्रॉसचा दिवा दिसतोय, ती सगळी औषधांचीच दुकानं ना?"

 "रस्ताच बराच लांब आहे, आई," एवढंच मी पुटपुटलो.

तेवढ्यात फुटपाथवरच्या आइस्क्रीमवाल्यानं घंटा वाजवली. साहेब जागच्या जागी थांबले. मला इतका आनंद झाला की मी घंटेवाल्याला हात जोडणार होतो. पण बागेत फेरी संपली की घंटा वाजायची, आणि घंटा वाजली की नवीन मुलं चढायची, हे साहेबांना माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या मदतीला त्या चौकातली जनता धावली. एक बाई लगबगीनं आल्या, आपली मुलगी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, माझ्या हातात एक नाणं दिलं आणि म्हणाल्या, "एकच फेरी हं, तिला चक्कर येते."

मी "अहो, ऐका" म्हणेपर्यंत साहेब निघाले. सासूबाईंनी मांडीवर काय आलंय ते चाचपून बघितलं.

"ही कोण?"

"वाटेत भेटली, आई."

"गोड आहे," त्या म्हणाल्या, आणि तिला धरून बसल्या.

पुढची घंटा झाली तेव्हा त्या बाईंनी मुलगी उतरवून घेतली, पण तोवर रांग लागली होती. एक आजोबा म्हणाले, चांगली सोय केलीत, पण तिकिटं छापून घ्या. मी पाणीपुरवठ्यात तक्रारींच्या टेबलावर आहे, मी फेरीवाला नाही, असं मी ओरडून सांगितलं, त्यावर रांगेतले एक गृहस्थ ओरडले, "आमच्याकडे काल पाणी आलं नाही!" मी सवयीनं त्यांचा पत्ता विचारला. हे मी का केलं ते मला आजही सांगता येत नाही.

शेवटी वाहतूक पोलीस आला. शिट्टी वाजवून काही होत नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं साहेबांचा लगाम तोंडाजवळ धरला आणि त्याला ओढत चौकाबाहेर काढलं.

"कुठे जायचंय?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात."

"कोणाचे डोळे?" त्यानं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चालू लागला.

पुढे पोलीस, मग घोडा, गाडीत पुढे सरकून बसलेल्या सासूबाई, आणि वजन कमी करायला मागून चालणारा मी, अशी आमची वरात दवाखान्यापाशी पोचली. तिथल्या नर्सनं घड्याळाकडे बोट दाखवलं. ऑपरेशनं सकाळचीच होतात. डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख? ती फोन करून कळवणार होती.

सासूबाई बाकावर बसल्या. मला वाटलं आता त्या बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून दिसेल असं धरून चालले होते मी." आणि मग, "असू दे."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी निभावून नेलं असतं. त्या "असू दे"नं मला जागच्या जागी खिळवलं.

बायकोनं रात्रीचं जेवण वाढलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे भांडण नाही, आवाज नाही, नुसतं बंद. काही सांगायचं असलं तर ती आईला सांगायची. "आई, त्यांना म्हणावं किल्ली टेबलावर आहे." सासूबाई माझ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "जावईबापू, किल्ली टेबलावर आहे." पुष्कळदा माझ्याकडे म्हणून त्या कपाटाकडे तोंड करायच्या, आणि ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी पार्किंगमध्ये जाऊन बसायला लागलो. तिथे निदान साहेब होते. पण चौकातल्या त्या दिवसापासून तेही बिनसले होते. गाजर तसंच पडलेलं. गवत तसंच. काकूंनी आपण होऊन एक जुना टॉवेल आणून समोर टाकला, त्यालाही तोंड लावलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभे. मी स्टूल घेऊन शेजारी बसायचो, आणि भिंतीकडे बघायचो. हेडमास्तर खाली येऊन आम्हा दोघांकडे बघून परत वर गेले. जाताना "शाबास" म्हणाले नाहीत.

एका संध्याकाळी बायको बँकेतून आली, मोटार रस्त्यावर लावली आणि पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली.

"याला काय झालंय?" तिनं विचारलं. आईमार्फत नाही. मला.

"माहीत नाही. खात नाही."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून."

तिनं साहेबांची झुलपं बाजूला केली आणि डोळ्यांत बघितलं. "डॉक्टरला बोलवा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तुम्ही जेवलात का?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं, दात बघितले, खूर उचलले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं वजन किती?" मी सांगितलं. "गाडीत आणखी कोण बसतं?" मी तेही सांगितलं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, पण मनातलं मनातच ठेवलं. त्यांचे उपकार.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "हे कळपातलं जनावर आहे. याच्याबरोबरचे बाकीचे कुठे गेले?"

"मी असतो की इथे. रोज बसतो."

"ते ठीक आहे हो," त्या नरमाईनं म्हणाल्या. "पण तुम्ही घोडा नाही."

आजवर मला लोकांनी पुष्कळ काही म्हटलंय. पण माझ्यात हीही उणीव निघेल असं वाटलं नव्हतं.

बागेच्या मालकांना फोन केला तेव्हा कळलं, बाकीचे घोडे गावाबाहेरच्या एका शेतावर होते. एका बाईंनी ते सगळे एकत्र घेतले होते. हा एकटा त्या दिवशी टेम्पोत चढायलाच तयार झाला नाही, म्हणून राहिला. मी त्या बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, आणा. गाडी नको, गाडीला इथे कोणाला जुंपत नाही. नुसता त्याला आणा. मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की ना?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मला वाटतं, माझ्या हातून झालेला हा एकच चांगला निर्णय, आणि तो घेताना मला कधी नव्हे इतकं वाईट वाटलं.

मधल्या काळात दवाखान्यातून तारीख आली होती. या खेपेला बायकोनं रजा घेतली, आणि सासूबाईंचा एक डोळा झाला. पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब निघायचे होते. सासूबाई निरोप द्यायला खाली आल्या. त्यांनी साहेबांना डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट बघितलं, मग मला बघितलं, मग पुन्हा साहेबांना.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "आणि याच्या जिवावर तुम्ही मला घेऊन निघाला होतात?"

पण त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि बराच वेळ काढला नाही.

टेम्पोत या वेळी साहेब निमूट चढले. टेम्पोमागून आमची मोटार, बायको चालवत होती. शेत मोठं होतं, लाकडी कुंपणाचं, आणि पलीकडच्या टोकाला बुटक्या घोड्यांचा एक घोळका चरत होता. मी साहेबांना हौसेनं पुरा साज चढवून आणलं होतं. गाडी नव्हती तरी, शेवटचा दिवस म्हणून. शेतवाल्या बाईंनी एकेक पट्टा सोडला, लगाम काढला, घोड्याला फक्त समोरचंच दिसावं म्हणून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना लावतात ती चामड्याची झापडं काढली, आणि सगळं माझ्या हातात दिलं. मग फाटक उघडलं.

साहेब क्षणभर उभे राहिले. पलीकडून एक घोडा खिंकाळला. आणि साहेब धावले. त्यांना धावता येतं हे मला माहीतच नव्हतं. पोट हलवत, आयाळ उडवत, सरळ रेषेत, नाकासमोर, सगळं शेत ओलांडून ते त्या घोळक्यात घुसले. दुसऱ्या घोड्यांनी त्यांना हुंगलं, एकानं मानेला हळूच चावा घेतला, आणि थोड्या वेळानं त्यांच्यातले साहेब कोणते हे मला ओळखता येईना.

मी कुंपणाला टेकून उभा राहिलो.  शेतवाल्या बाई आत निघून गेल्या. मी एकदा घसा खाकरला, जरा मोठ्यानं. घोळक्यातलं कोणी मान वर केली नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा बायकोनं माझ्या कोपराला हात लावला.

"निघू या?"

"निघू या," मी म्हणालो. "त्यानं एकदा वळून बघितलं असतं. पण त्याच्या डोळ्यांना ती झापडं असतात ना. त्यामुळे मागचं त्याला दिसत नाही."

बायकोनं माझ्या हातांकडे बघितलं. मग तिनं तो सगळा साज, पट्टे, लगाम, झापडं, हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"हो ना," ती म्हणाली. "नाहीतर बघितलंच असतं त्यानं."